सशांना जंताचं औषध: कॅलेंडर बघून की लेंड्या बघून?

शाळेत मुलांना जंताच्या गोळ्या वाटल्या की आमच्या वाड्यावर लोकांना माझ्या सशांची आठवण येते. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिवस, ऑगस्टमध्ये पुन्हा दुसरी फेरी. शेजारीण नातीला अंगणवाडीतून घेऊन येते, कुंपणाशी थांबते आणि विचारते, “गे, सशांक जंतांचें वखद दिलां मगे?” मी नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. मागच्या खेपेला तिनं उपायसुद्धा सुचवला. फार्मसीत तीच गोळी मिळते, अर्धी अर्धी देऊन टाक दोघांना.

त्या अर्ध्या गोळीचा हिशेब पुढे करू. आधी माझ्याविषयी थोडं, कारण या विषयावर कुणीही काहीही सांगतं. मी गोव्यात, फोंड्याजवळ राहते. नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर लोकांचं रक्त, लघवी आणि शी तपासण्यात गेली. त्यामुळे जंत माझ्या ओळखीचे. ससे मात्र उशिरा आले. भाची पणजीला शिकायला होती, तिनं हौसेनं दोन घेतले. मग तिला नोकरी लागली बंगळुरूला आणि ससे लागले आमच्या दारी. पांढरी ती पातोळी, तांबूस तो बोंडू. नावं तिनंच ठेवलेली.

सशांबरोबर एक कार्ड आलं. दुकानातून मिळालेलं, वर ‘डीवॉर्मिंग शेड्यूल’ असं छापलेलं, दर तीन महिन्यांना एक रकाना, आणि कोपऱ्यात जीभ बाहेर काढून बसलेला लॅब्राडोर. सशांना दर तीन महिन्यांनी औषध ही पद्धत कुठून आली, ते त्या लॅब्राडोरलाच विचारावं.

मुलांना सरसकट गोळी देण्यामागे पक्कं कारण आहे. मातीतून पसरणारे गोल जंत, अंकुशकृमी वगैरे मंडळी पोरांच्या अंगचं रक्त आणि पोषण खातात. पोर फिकट पडतं, वाढ खुंटते, वर्गात लक्ष लागत नाही. प्रत्येक मुलाची शी तपासायची म्हटली तर तपासणीचाच खर्च गोळीच्या कितीतरी पट होईल. गोळी स्वस्त, एकाच डोसची, माणसाला सहसा मानवणारी. तेव्हा १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना देऊन मोकळं व्हायचं, हे शहाणपणाचंच आहे. कुत्र्यांचंही तसंच. पिल्लं आईच्या पोटातूनच टॉक्सोकारा नावाचा गोल जंत घेऊन जन्माला येतात, आणि त्याची अंडी अंगणातल्या मातीतून आपल्या पोरांच्या तोंडात जाऊ शकतात. कुत्र्याला पाजलेलं निम्मं औषध खरं तर घरातल्या माणसांसाठी असतं.

आता हीच दोन कारणं सशाला लावून बघा.

पाळीव सशात नेहमी सापडणारा जंत म्हणजे पासालुरस ॲम्बिग्युअस. पांढरा, बारीक दोऱ्याच्या तुकड्यासारखा, मादी साधारण सेंटिमीटरभर लांब. त्याचा मुक्काम सीकममध्ये, म्हणजे लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथल्या मोठ्या पिशवीत, आणि पुढच्या आतड्यात. तो रक्त पीत नाही. बऱ्याच संख्येनं असला तरी बहुतेक सशांना त्याचा पत्ताही नसतो. ते खातात, पितात, दुपारी पाय ताणून झोपतात. माणसाला तो होत नाही. लहान मुलांना रात्री बसायच्या जागी खाज सुटते तो एंटेरोबियस, या जंताचा भाऊबंद म्हणा, पण दोघांची घरं वेगळी. आपला सशाला लागत नाही, सशाचा आपल्याला लागत नाही.

शिवाय त्याला औषधानं कायमचा घालवणं अवघडच. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, हे पाळणाऱ्यांना माहीत असतं; नवख्यांनी घाबरू नये. रात्री-पहाटे पडणारा तो चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखा गुच्छ तो थेट तोंडानं उचलतो, आणि त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. ती सवय मोडायची नसते. पण त्याच वाटेनं जंताची अंडीही परत पोटात जातात. तुम्ही पाच दिवस औषध दिलं, कोपऱ्यात चार अंडी राहिली, की दोनेक महिन्यांत पुन्हा तेच. तेही ज्यानं काही बिघडवलं नव्हतं त्या पाहुण्यासाठी.

इंटरनेटवर वाचायला बसलं की आणखी नावं भेटतात, ग्राफिडियम, ट्रायकोस्ट्राँजायलस. ती खरी आहेत, पण ती मुख्यतः युरोपातल्या कुरणांवर चरणाऱ्या रानटी सशांची. आपला पाळीव ससा त्या युरोपीय सशाचा वंशज. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात गाडीच्या उजेडात दिसतो तो इथला रानससा, लेपस नायग्रिकोलिस, वेगळ्याच प्रजातीचा, बिळं न करणारा. माझ्या पोरसातल्या, म्हणजे परसबागेतल्या हरळीवर युरोपचा रानससा काही हागून गेलेला नाही. तेव्हा तिकडची यादी जशीच्या तशी इकडे उतरवून घेण्यात अर्थ नाही.

भाचीनं मात्र मला पेचात टाकलं. “मावशी, ब्रिटनमध्ये तर लोक देतात. नऊ नऊ दिवस, वर्षातून दोन-चारदा.” हे बरोबर आहे. तिकडे सशांसाठीच केलेली फेनबेंडाझोल या जंतनाशकाची पेस्ट मिळते, पॅनाकूर रॅबिट नावाची, आणि बरेच जण नेमानं देतात. पण त्यांच्या डोक्यात असतो तो एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय. हा जंत नव्हे, पेशीच्या आत राहणारा सूक्ष्म जीव आहे, हल्ली त्याला बुरशीच्या नात्यातला मानतात. १९२२ साली सशाच्या पिल्लांच्या लकव्याचं कारण म्हणून त्याचं पहिलं वर्णन झालं. मूत्रपिंड, मेंदू आणि डोळा या त्याच्या जागा. ससा एका बाजूला मान वाकडी करतो, गोल गोल फिरतो, मागचे पाय ओढतो, बसल्या जागी मुततो, कधी डोळ्यात पांढरं येतं. बीजाणू लघवीतून बाहेर पडतात आणि दुसरा ससा ते चाटतो. आईकडून पोटातच पिल्लांनाही मिळतात.

या जीवावर फेनबेंडाझोल चालतं. झुरिचच्या संशोधकांचं २००१ सालचं काम आहे: रोज किलोमागे २० मिलिग्रॅम या मात्रेनं औषध दिलं तर नवी लागण थांबली, आणि आधीच लागण असलेल्या सशांना चार आठवडे दिल्यावर त्यांच्या मेंदूत तो जीव सापडला नाही. म्हणून मान वाकडी झालेल्या सशाला २८ दिवसांचा कोर्स देतात, आणि नवा ससा आणताना देण्यालाही अर्थ आहे. ठणठणीत सशांच्या नऊ दिवसांच्या नेमाला मात्र माझी एक शंका आहे. हा जीव अंगात बाळगूनही कितीतरी ससे जन्मभर धडधाकट राहतात. रक्ततपासणीत प्रतिपिंडं सापडली तर ‘कधीतरी गाठ पडली होती’ एवढंच कळतं. आणि नऊ दिवस औषध देऊन दहाव्या दिवशी शेजारच्या सशाचं मूत चाटलं तर? पातोळी आणि बोंडू बाहेरच्या सशांत मिसळत नाहीत, घरात नवा ससा येत नाही. त्यांनी एकमेकांना जे द्यायचं ते केव्हाच देऊन झालं असेल. अशा जोडीला वर्षातून चारदा औषध पाजून मी नेमकं काय अडवणार?

भाचीचं म्हणणं पडलं, “पण दिलं तर बिघडतं काय?” इथं मला माझं लॅबचं डोकं गप्प बसू देत नाही.

फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही एकाच कुळातली औषधं. जंताच्या पेशींमधला सांगाडा उभा राहू न देणं हे त्यांचं काम. हाच सांगाडा पेशी दुभंगताना लागतो. सशाच्या शरीरात भराभर दुभंगणाऱ्या पेशी मुख्यतः दोन ठिकाणी, हाडांतल्या मगजात आणि आतड्याच्या अस्तरात. औषध जास्त झालं, किंवा एखाद्या सशाला सोसलं नाही, तर मार तिथेच बसतो. पांढऱ्या पेशी कोसळतात, प्लेटलेट कोसळतात, रक्त बनायचं थांबतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००३ ते २०११ या काळातली अशी १३ प्रकरणं एकत्र करून २०१४ मध्ये छापली आहेत. तेरा म्हणजे फार नाहीत, आणि बहुतेक सशांना औषध पचतं हे मलाही मान्य. पण कुणाला बाधेल हे आधी कळत नाही, आणि बाधल्याचं ससा बोलून दाखवत नाही. तो शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. माणसाच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, असे आकडे दिसले की आम्ही रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरांना फोन लावायचो. सशाचं रक्त मुळात काढतं कोण?

आता ती अर्धी गोळी. शाळेतली गोळी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची. बोंडू पावणेदोन किलोचा. किलोला २० मिलिग्रॅमचा हिशेब धरला तर त्याच्या वाट्याला ३५ मिलिग्रॅम येतात. अर्धी गोळी म्हणजे २०० मिलिग्रॅम, जवळजवळ सहापट. शेजारणीला मी हे कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, मग पाव दे. पाव गोळीही १०० मिलिग्रॅमची होते, म्हणजे तिप्पटीला थोडी कमी, पण तोवर तिचा कुकर शिट्टी द्यायला लागला होता.

काही जण जंताचं म्हणून आयव्हरमेक्टिन टोचून आणतात. कानात खपल्या धरल्या असतील, खरूज असेल, तर ते औषध बरोबर आहे, माइट्सवर, म्हणजे खरजेच्या बारीक किड्यांवर, ते छान चालतं. पासालुरससाठी त्याच्यावर विसंबू नये. आणि विषय निघालाच आहे तर, कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी टाकतात ते फिप्रोनिल सशाला चुकूनही लावायचं नाही. त्यानं ससे दगावतात.

मी काय करते? लेंड्या बघते. पावसाच्या आधी एकदा, पाऊस ओसरल्यावर एकदा, आणि मध्ये कुणाची भूक मंदावली किंवा लेंड्यांचा आकार बिघडला तर तेव्हा. जुना मायक्रोस्कोप घरी आहे, ही माझी चैन. ताज्या पाच-सहा लेंड्या मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करायच्या, गाळणीतून गाळायच्या (ही गाळणी वेगळी ठेवली आहे, चहा प्यायला येणाऱ्यांनी निर्धास्त असावं), छोटी बाटली काठोकाठ भरायची आणि तोंडावर कव्हरस्लिप टेकवायची. पंधरा-वीस मिनिटांत अंडी वर तरंगून काचेला चिकटतात. काच उचलून स्लाइडवर ठेवली की झालं.

पासालुरसचं अंडं बघितल्यावर मला हसूच आलं. एका बाजूनं चपटं, दुसऱ्या बाजूनं फुगीर, हुबेहूब आमच्या एंटेरोबियसचा आकार, फक्त लांबीला जवळजवळ दुप्पट. ज्या अंड्यासाठी लॅबमध्ये मुलांच्या बसायच्या जागी लावून आणलेल्या सेलोटेपच्या पट्ट्या तपासत बसले, तेच कुणीतरी मोठं करून समोर ठेवावं तसं. बोंडूच्या लेंड्यांत ती तुरळक सापडतात. पातोळीच्यात नाहीत, किंवा त्या दिवशी नसतात. एका काचेवर नाही दिसली म्हणून नाहीतच असं आम्ही माणसांच्या रिपोर्टातही कधी म्हटलं नाही. बोंडूचं वजन स्थिर आहे, अंगावर तुकतुकी आहे, मागचा भाग स्वच्छ आहे. त्याला औषध दिलेलं नाही.

याच काचेवर एक फसवणारी गोष्ट दिसते, तिच्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सशाच्या लेंड्यांत लांबट गोलसर यीस्ट भरभरून असतं, सायनिक्लोमायसिस नावाचं. ते तिथलंच रहिवासी आहे. सशाची सवय नसलेला माणूस ते बघून कॉक्सिडिया, म्हणजे आजार करणारे एकपेशी जीव समजतो आणि ‘कॉक्सिडिया प्लस प्लस’ लिहून मोकळा होतो. एका ओळखीच्यांच्या सशाला असा रिपोर्ट मिळाला, कुठल्या लॅबचा ते राहू दे. मी काच मागवून बघितली. यीस्ट लहान असतं, दोन्ही टोकांना गोल, आयोडीनचा थेंब टाकला की गडद रंगतं. कॉक्सिडियाचा ऊसिस्ट, म्हणजे लेंडीतून बाहेर पडणारी अंड्यासारखी अवस्था, मोठा, जाड भिंतीचा, आत गोळा धरलेला. एकदा शेजारी शेजारी बघितले की पुन्हा चूक होत नाही.

कॉक्सिडिया मात्र खरोखर सापडले तर हसण्यावारी न्यायचे नाहीत. दूध नुकतंच तुटलेली पिल्लं त्यानं भराभर मरतात, आणि त्यांचा एक प्रकार थेट यकृतात बसतो. पण हे एकपेशी जीव आहेत, जंत नव्हेत. जंताच्या औषधानं त्यांचं काही वाकडं होत नाही, त्यांना सल्फा किंवा टोल्ट्राझुरिल लागतं आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. ‘जुलाब लागले, जंताचं औषध पाजलं’ असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे. लेंडीतून बाहेर पडल्यावर कॉक्सिडिया लगेच लागत नाहीत. त्यांना ओल, ऊब, हवा आणि दिवस-दोन दिवसांचा अवधी लागतो, मग ते पिकतात. आमच्या जून ते सप्टेंबरमध्ये ओल आणि ऊब फुकट मिळते. अवधी तेवढा आपल्या हातात आहे. रोज सकाळी लेंड्या झाडून काढल्या, खालचा कागद बदलला, की त्यांना पिकायला वेळच मिळत नाही. लघवीचा ट्रे उकळत्या पाण्यानं धुतला की एन्सेफॅलिटोझूनचाही बंदोबस्त होतो. कार्डावर याला रकाना नाही.

दुसरं गवत. रस्त्याकडेचं गवत मी आणत नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलमागं वाड्यावरची निम्मी कुत्री फिरतात आणि त्याच कडेला बसतात. कुत्र्याच्या काही टेपवर्मचा मधला मुक्काम सशाच्या पोटात असतो. कुत्र्यानं घाण केलेल्या गवतावरून अंडी सशात जातात आणि यकृतावर, पोटाच्या पडद्यावर पाण्याचे फोड धरतात. ते सशाच्या लेंडीत दिसतही नाहीत. कुत्री रानात जाऊन ससे मारून खाणारी असतील तर धोका जास्त. म्हणून गवत पोरसातलं, चिऱ्यांच्या गडग्याच्या आतलं. पावसात ओलं गवत पंख्याखाली पसरून ठेवायचं, आणि मागवलेल्या वाळक्या गवताच्या पिशवीला कुबट वास आला तर पिशवीच टाकायची.

आणि पावसाळ्यात रोज दोन वेळा दोघांना उलटं धरून मागचा भाग बघते. बोंडूला ते मुळीच आवडत नाही, पाय झाडून माझ्या हातावर ओरखडे काढतो. तिथं लघवी किंवा मऊ लेंडी चिकटून राहिली तर माशी अंडी घालते, आणि आमच्या दमट हवेत दिवसाच्या आत किडे पडतात. ते कातडी पोखरत आत जातात. ‘सशाला किडे झालेत, जंताचं औषध सांगा’ म्हणून फोन येतो तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: किडे लेंडीत की अंगावर? अंगावर असतील तर फोन ठेवा आणि गाडी काढा. तासांचा प्रश्न असतो.

औषध कधीच द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. लेंडीत वळवळणारे पांढरे दोरे दिसताहेत आणि ससा खाऊनही वाळतोय, मागचा भाग सतत चाटतोय, नवा ससा जुन्यात सोडायचाय, किंवा मान कलायला लागलीय, तर औषध हवंच. मान कलली तर आजच्या आज डॉक्टर, कारण कानाच्या आतल्या जंतुसंसर्गानंही मान कलते आणि त्याची औषधं निराळी. मात्रा मात्र सशाचं वजन करून, त्याच दिवशीचं वजन. आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “कुत्री-गुरं रोज बघते, ससे कधीतरी येतात. तुम्ही लेंड्या घेऊन या, मग बोलू.” मला त्या लगेच पटल्या.

लेंड्या नेणार असाल तर सकाळच्या ताज्या घ्या, ट्रेमध्ये मुतात भिजलेल्या नकोत. दहा-बारा पुरतात. स्वच्छ कोरड्या डबीत भरा, सशाचं नाव आणि वेळ लिहा. दोन ससे असतील तर एका रात्रीपुरते वेगळे ठेवा, नाहीतर कुणाच्या कुठल्या ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्याच दिवशी नेता आल्या नाहीत तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. डबीवर लेबल मात्र ठळक लावा. आमच्याकडे नवऱ्यानं एकदा ती काळ्या मिऱ्यांची डबी समजून उघडली होती.